तुपाची वाटी, कडू गोळी

पावसाचा जोर उतरतो, भात पोटरीला येतं, आणि कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात घरोघरच्या कुत्र्यांच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या सापडू लागतात. नुसतं रक्त पिऊन त्या थांबत नाहीत. तपकिरी गोचीड चावली की तिच्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरू शकतो. ताप चढतो, खाणं सुटतं, रक्तातल्या प्लेटलेट घटतात, एखाद्याच्या नाकातून रक्तही येतं. पशुवैद्य बहुधा डॉक्सिसायक्लिन लिहून देतात, साधारण तीन ते चार आठवडे. दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन निघताना ते सोपं वाटतं.

मग घरी तो तीन-चार किलोचा जीव समोर येतो. तोंड घट्ट मिटतो, मान फिरवतो, पुढचे पाय आपल्या छातीला लावून स्वतःला मागे रेटतो. गोळी गिळल्यासारखं दाखवतो आणि पलंगाखाली जाऊन थुंकून येतो. एरवी कानामागे खाजवणारा हात आज जबडा का उघडतोय, हे त्याला कोण सांगणार? मुलाला सांगता येतं की बरं वाटेल, नंतर साखर देईन. इथे बोलून समजावायची वाटच नाही. जे काही सांगायचं ते हातांनी.

आणि हात तर घाईत असतात. इथून मुंबईला जाणाऱ्यांची सकाळ लोकलच्या वेळेला बांधलेली. सीएसएमटी गाठायला दोन तास, एक गाडी चुकली की दिवस चुकला. त्या धांदलीत कुत्र्याला धरलं की पकड आवळते, आवाज चढतो, आणि ते त्याला गोळीच्या आधी कळतं.

आमच्या भागात फार्महाउस खूप झाली. शनिवार-रविवारी मालक येतात, आणि बाकीचे दिवस त्यांची लहान कुत्री सांभाळतात ती जवळपासच्या वाड्यांमधली माणसं. अशाच एका घरातल्या काकूंना मी औषध देताना पाहते. त्या आधी खाली बसतात, मग कुत्र्याला बोलावतात. पाठ आपल्या पोटाशी येईल असं मांडीत घेतात, जुन्या टॉवेलात पुढचे पाय गुंडाळतात. नातवंडांना बाळगुटी चाटवताना त्या अशाच बसत असणार. “थांब रे सोन्या, झालंच बघ,” एवढंच बोलणं, तेही हळू. घाई का करत नाही विचारलं, तर म्हणाल्या, “ताई, आपली घाई त्याला कळते.”

डावा हात वरच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागे. उजव्या हाताच्या बोटानं खालचा जबडा हलकेच उतरवायचा, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा. जीभ बाहेर येऊन नाक चाटलं की बहुतेक वेळा गोळी गेलेली असते. मग सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं पाणी, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. पातळ औषध असेल तर मान वर करून ओतू नये. ते फुप्फुसात उतरण्याची भीती असते.

भाकरीच्या तुकड्यात तूप लावून किंवा उकडलेल्या अंड्यात गोळी दडवली तर कित्येक कुत्री मुकाट्यानं खातात. आधी एक साधा तुकडा, मग गोळीचा, लगेच पुन्हा साधा. पेढा मात्र नको. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि त्याचा गुण कमी होऊ शकतो. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय कधीच नको, जीवावर बेतू शकतं. आणि ज्यानं खाणंच सोडलंय त्याच्या घासात गोळी दडवणं मला पटत नाही. कडू लागलं तर उरलासुरला भाकरीवरचा विश्वासही जाईल. त्याला तोंड उघडून सरळ द्यावी.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट सांगताना आपण नामदेवांकडे पाहतो. मला अलीकडे तो कुत्रा दिसतो. त्याला वाटीतलं तूप कुठे ठाऊक होतं? त्याला दिसला असेल तो मागे धावणारा माणूस, आणि मागे धावणारा माणूस मारायलाच येतो एवढंच त्याच्या आयुष्यानं त्याला शिकवलं असेल. इथे तर वाटीत तूपही नाही, कडू गोळी आहे. म्हणजे ज्याच्यासाठी करायचं तोच आपल्याला काही क्षण वैरी समजणार. हे सोसता आलं पाहिजे, आणि त्याचा राग बोटांत उतरू देता कामा नये. गोळी तोंडात घालण्यापेक्षा मला हेच जास्त अवघड वाटतं.

थोड्याच दिवसांत ताप उतरतो, कुत्रा पुन्हा गेटपर्यंत पळत जातो, आणि पुष्कळ घरांत गोळ्या तिथेच थांबतात. बरा दिसणाऱ्या जिवाला रोज धरून बसवणं जिवावर येतं, हे खरं. जंतू मात्र अजून रक्तात असू शकतो. काकू शेवटची गोळी जाईपर्यंत थांबत नाहीत. शिवाय दिवसभरात, काम हलकं झालं की, त्याच जागी बसून त्याला तशाच टॉवेलासकट मांडीवर घेतात. तेव्हा गोळी नसते, नुसतं कुरवाळणं असतं. त्यामुळे सकाळी त्या खाली बसल्या की तो अजूनही आपणहून येतो.