फळा

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. त्या बाजूच्या एका आश्रमशाळेत जूनमध्ये एक गुरुजी बदलून आले. पुण्याकडचे, वाणी लखलखीत. पहिल्याच दिवशी दुसरीतला माडिया पोरगा ‘फळा’ला ‘फला’ म्हणाला. गुरुजींनी दहादा म्हणवून घेतलं. दहाही वेळा ‘फला’.

“कान आहेत की भोकं?” गुरुजी कडाडले. (शाळेच्या स्वयंपाकीणबाई वडशाच्या, त्या डोळ्याला ‘डोरा’ म्हणत. पण त्यांच्या हातचं जेवायचं होतं, त्यामुळे त्यांना कोण बोलणार!)

रविवारी गुरुजी त्या पोराच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर गेले. आजी तांदूळ पाखडत होती. गुरुजींनी हौसेने एक माडिया शब्द विचारला. त्यात ‘र’ होता, पण जिभेच्या शेंड्यावरचा नव्हे. पार पडजिभेपाशी घासत येणारा. मराठी वर्णमालेत त्याला अक्षर नाही. गुरुजींनी शब्द म्हटला. आजीने मान आडवी हलवली. पुन्हा म्हटला, पुन्हा आडवी. मग पोराने गुरुजींचं बोट धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि शब्द म्हटला. बोटाखाली खरखर झाली.

“मी तेच तर म्हणतोय!”

पोरगं आजीशी काहीतरी पुटपुटलं.

“काय रे?”

“सरांना ऐकूच येत नाही म्हटलं.”

गुरुजी गप्प झाले.

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅनडात १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना कळेना. कान बिघडत नाही, घरी लागतील तेवढेच फरक राखतो. पण दार कायमचं बंदही होत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रौढ जपान्यांना इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ निरनिराळ्या माणसांच्या आवाजांत ऐकवले, तेव्हा त्यांचा कान सुधारला.

गुरुजींनीही तीच वाट धरली. ते दर आठवडी बाजारात मासेवालीपासून टोपल्या विणणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून तो शब्द ऐकू लागले. वर्गातही ‘ळ’ एकट्याने घोकवणं सोडलं. पाहुणा आला, एसटीचा कंडक्टर थांबला, की त्याला आधी ‘फळा, केळं, बाळ’ म्हणायला लावत.

दिवाळीच्या सुट्टीआधी पोरगं ‘फळा’ म्हणालं. गुरुजींच्या ‘र’वर आजी अजून मान आडवीच हलवते.