जिन्यातला दिवा

शिरूरहून न्हावरे, तिथून भीमेचा पूल ओलांडून पारगाव आणि पुढे केडगाव-चौफुला, असा हा रस्ता. एका टोकाला शिरूर तालुका, दुसऱ्या टोकाला दौंड. गाळपाच्या दिवसांत इथे उसाच्या ट्रॉल्यांमागे तासन्‌तास रखडावं लागतं. या रस्त्याच्या शिरूरकडच्या अंगाला एक शेतकरी राहत होता. ऊस, थोडा कांदा, दोन गाई. शिवाय शिरूर गावात कॉलेजच्या वाटेवर वडिलांनी घेऊन ठेवलेल्या जागेत त्यानं दुमजली सहा खोल्या बांधल्या होत्या. घोडनदीच्या पलीकडे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा नगर जिल्हा लागतो. पारनेर-श्रीगोंद्याच्या गावांतल्या मुली शिकायला शिरूरला येतात, रांजणगावच्या एमआयडीसीतले कामगारही इथे खोल्या शोधतात. त्यामुळे त्याची खोली कधी रिकामी पडली नाही. भाडं दर महिन्याला रोख, कागद कसलाच नाही. ‘आपल्यात कागद कशाला,’ असं तो म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा.

त्याची मुलगी शिरूरला बीएस्सी झाली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सीला लागली. घराण्यातली ती पहिलीच. गणेशखिंडीतला तो चारशे एकरांहून मोठा परिसर बघून बाप हरखला, पण वसतिगृहाची यादी लागली तेव्हा तिच्यात लेकीचं नाव नव्हतं. जागा थोड्या, अर्ज फार.

मग ती केडगावला आत्याकडे राहिली. पहाटे उठायचं, दौंडहून येणारी गाडी धरून पुणे स्टेशनला उतरायचं, तिथून बसनं विद्यापीठ. जाताना निभायचं, येताना नाही. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल गाडीची वेळ बघून आटपत नाही. द्रावण तापायला ठेवलेलं आणि पोरीचं लक्ष घड्याळाकडे, असं महिनाभर चाललं. शेवटी तिच्या सरांनीच सांगितलं, “जवळ कुठेतरी राहायचं बघ.”

बापलेक खोली शोधायला निघाले. पुण्यात शिकणाऱ्यांना ‘कॉट बेसिस’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भाड्यानं खोली मिळत नाही, खोलीतली एक खाट मिळते. एजंटाला एका महिन्याचं भाडं, मालकाला डिपॉझिट आणि मेसचे पैसे वेगळे. एजंटानं दाखवलेली जागा विद्यापीठाच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर होती. मालक गोड बोलायचा. “पोरगी माझ्या मुलीसारखी. कागदपत्रांचा घोळ नको, पोलिसांत नोंदबिंद नको. उद्या बॅग घेऊन या.” खाटेचे तीन हजार. बापाला माणूस आवडला. आपल्यासारखाच वाटला.

दुसरी जागा खडकीत होती. अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको खाली राहत, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देत. दोन्हींचे मिळून बारा हजार. त्यांनी आधार कार्ड मागितलं, प्रवेशाचं पत्र मागितलं, घरचे फोन नंबर लिहून घेतले. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार होईल, पोलीस चौकीत माहिती द्यावी लागेल, हेही सांगितलं. बापाला राग आला. बाहेर आल्यावर म्हणाला, “आपल्याला चोर समजत्यात का काय?”

संध्याकाळी केडगावला बहिणीपुढे त्यानं सगळं सांगितलं. पहिली खोली पक्की करतो, म्हणाला.

“खोली कवा बघितली?” बहिणीनं विचारलं.

“दुपारी.”

“दुपारी समद्याच खोल्या चांगल्या दिसत्यात. दिवेलागणीला जा. जिना चढून बघ. राहणाऱ्या पोरींशी बोल, मालकाशी नको. दार आतनं लागतंय का बघ, आन दुसरी किल्ली कुणाकडं असती ते इचार.”

ही बाई उगीच बोलत नव्हती. तिचं सासर मुक्ती मिशनपासून हाकेच्या अंतरावर, आणि आजेसासूकडून ऐकलेल्या गोष्टी तिच्या कानात होत्या. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. तेव्हा केडगावची त्यांची जमीन कामी आली. तिथे निवारे उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या, आणि शाळा, विणकाम, छापखाना असा सगळा संसार वाढला. तेच हे मुक्ती मिशन. 1922 साली रमाबाई गेल्या त्या केडगावातच. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावर महाराष्ट्रानं पुष्कळ वाद घातला. मला मात्र दौंड तालुक्यातल्या त्या माळाकडे बघताना दुसरंच जाणवतं. मुलीला शिकवायचं तर ती रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न त्या बाईनं आधी सोडवला. पुस्तक त्यानंतर हातात दिलं. आपण अजूनही प्रवेश मिळाला की पेढे वाटतो आणि राहण्याचं ‘बघू’ म्हणतो.

दोन दिवसांनी बापलेक पुन्हा पुण्याला, त्या पहिल्या जागी गेले, या वेळी संध्याकाळ धरून. जिन्यात दिवा नव्हता. मोबाइलच्या उजेडात चढावं लागलं. वर तीन खोल्यांत नऊ मुली आणि एक संडास. मालकाचं नाव निघालं की त्या गप्प होत. आत्यानं सांगितलं होतं तसं मुलीनं एकीला बाजूला घेऊन किल्लीचं विचारलं. दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या माणसाकडे असायची. तो कधीही नळ दुरुस्तीला म्हणून वर यायचा. रात्री दहाला बाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप लागायचं, त्याची किल्लीही त्याच्याचकडे. वर आग लागली तर? कुणाकडे उत्तर नव्हतं. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या एका मुलीला डिपॉझिट परत मिळालं नव्हतं, आणि आपण ते दिलं होतं हे दाखवायला तिच्याजवळ चिठोराही नव्हता.

बाप जिना उतरला आणि रस्त्यावर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “खडकीला जाऊ.”

खडकीच्या बाईंनी दार उघडलं. जिन्यात दिवा होता, खोलीला आतून दोन कड्या होत्या. बाई म्हणाल्या, “परवा तुम्ही रागावून गेलात. आम्ही तुम्हाला इतकं विचारतो, तसं तुम्हीही आम्हाला विचारा की. डिपॉझिट किती दिवसांत परत, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, आम्ही वर केव्हा येणार आणि न विचारता येणार नाही, हे सगळं करारात लिहू. पोरगी तुमची आहे, काळजीही तुम्हालाच असणार.”

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे कित्येक आईबापांना ते ठाऊक नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55प्रमाणे घर भाड्यानं किंवा लीव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि लेखी करारच नसेल, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे ‘कागद नको’ म्हणणारा मालक स्वतःचंही भलं करत नसतो. पण सतरा-अठरा तास अभ्यास आणि प्रवासात घालवणारी, घरच्यांच्या जिवावर शिकणारी पोर कोर्टाची पायरी चढत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. तिच्या त्या गप्प बसण्याच्या जोरावर हा धंदा चालतो. मला याची चीड येते.

राहिला बारा हजारांचा प्रश्न. तो रेल्वेच्या डब्यात सुटला. महिनाभराच्या ये-जा करण्यात मुलीची दोघींशी गट्टी जमली होती. एक पाटसची, एक यवतची, दोघीही विद्यापीठातच शिकणाऱ्या आणि दोघीही खोलीच्या शोधात. तिघींत मिळून चार-चार हजार झाले. पाटसची मुलगी अनुसूचित जातीतली होती. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांसाठी 2016-17पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्याजेवण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. अर्जाला भाड्याचा करार जोडायचा होता. तो तिच्या हातात होता. जिनं कॉट बेसिसवर बिनकागदाची खाट घेतली असती, तिनं काय जोडलं असतं?

करारावर अंगठे उमटवून बापलेक परतीच्या एसटीत बसले. शिक्रापूर मागे पडल्यावर मुलगी म्हणाली, “अण्णा, शिरूरला आपल्या खोल्यांच्या जिन्यात दिवा हाय का?”

“पोरींनी कधी तक्रार केली न्हाई.”

“आपल्याला सांगतील का त्या?”

तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचं बघायचं सोडून तो शिरूरला गेला. मुद्दाम अंधार पडायची वाट बघितली आणि जिना चढला. दिवा होता, पण कधीचा गेलेला. वरच्या दोन खोल्यांना आतून कडीच नव्हती, नुसतं कुलूप लावायचं कडं. आणि दुसऱ्या किल्ल्या? त्या त्यानंच खालच्या किराणा दुकानात खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या, वेळप्रसंगी सापडाव्यात म्हणून. दुकानदार भला माणूस होता. पण दुकानात येणारा जाणारा प्रत्येक जण तो खिळा बघत होता.

त्यानं मुलींना विचारलं. “काही नाही काका, बरं आहे सगळं,” असंच त्या म्हणाल्या. तो पायरीवर बसला. पुण्यात काय बघितलं ते त्यांना सांगितलं, आपली पोरगी कुठे राहायला गेली तेही सांगितलं. मग श्रीगोंद्याकडची, एमकॉम करणारी एक मुलगी खाली बघत म्हणाली, “काका, सातनंतर आम्ही जिना एकेकट्या चढत नाही. खालून हाक मारतो, मग वरची कुणीतरी घ्यायला येते.”

किती दिवस असं चाललंय, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

त्याच रात्री त्यानं खिळ्यावरच्या किल्ल्या काढून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. आठवड्याभरात कड्या बसल्या, जिन्यात वर-खाली दोन दिवे लागले. करार करायला मुली आधी बिचकल्या. त्यांना वाटलं, आता भाडं वाढणार. भाडं तेवढंच राहिलं. तीन मुलींच्या वडिलांना त्यानं गावाहून बोलावून घेतलं आणि करारात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. डिपॉझिट खोली सोडल्यावर पंधरा दिवसांत परत, न सांगता मालक वर येणार नाही, पाणी आलं नाही तर टँकर मालकाच्या खर्चानं. एका बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं ती तिन्ही वाक्यं पुन्हा वाचायला लावली.

शेजारच्या खोलीमालकांना हे रुचलं नाही. एक जण म्हणाला, “तू सगळ्यांचं बिघडवतोस. उद्या आमच्याकडंबी कागद मागतील.”

“मागू द्या,” तो म्हणाला. “नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होती. माझ्या एजंटाचा नंबर देतो.”

दोघांनी नंबर घेतला, बाकीच्यांनी नाही. शिरूरमधल्या सगळ्या खोल्या एका माणसामुळे सुधारत नाहीत, आणि मला तसं खोटं लिहायचंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आली तेव्हा तो तिला खोल्या दाखवायला घेऊन गेला. तिनं दिवे लावून बघितले, कड्या ओढून बघितल्या, मग गच्चीवर गेली आणि तिथूनच ओरडली, “अण्णा, टाकीला झाकण न्हाई! पोरी हेच पाणी पितात का?”

तो वर गेला. झाकण खरंच नव्हतं. त्यानं तिथूनच प्लंबरला फोन लावला.