चेहऱ्याला प्रतिनिधी नाही

ट्रंकेत पडून राहिलेल्या फोटोतला पणजीचा चेहरा बुरशीने खाल्ला आणि संगणकाने तो नव्याने घडवून दिला, तर भिंतीवरचा हार नक्की कुणाला घातला जातो? प्रश्न फोटोच्या दुकानातला वाटतो, पण त्याची उकल मीमांसेत, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, सापडते. जैमिनीच्या सूत्रांतल्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञाला लागणारी वस्तू मिळालीच नाही, तर तिच्या जागी दुसरी घ्यावी का? द्रव्याच्या बाबतीत घ्यावी, असा निर्णय आहे. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे रानात आपसूक उगवणारं भात, चालतं. पर्याय मात्र मूळच्या जास्तीत जास्त जवळचा हवा. देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही. आहुती ज्याला उद्देशून द्यायची तोच बदलला, तर कर्म ते उरतच नाही. जुन्या फोटोंच्या दुरुस्तीला हाच निकष लावावा, असं माझं म्हणणं आहे. कागद, मागचा पडदा, खुर्चीचा पाय, लुगड्याचा काठ हे द्रव्य. तिथे प्रतिनिधी खुशाल घ्यावा. चेहऱ्याला तो नाही.

हा निकष वापरायचा तर आधी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते पाहावं लागतं. आपल्या घरांतले विसाव्या शतकातले बहुतेक कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे सूक्ष्म कण. दमट हवेत जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, फ्रेमच्या काचेला चिकटतं. बुरशीचं तर ते अन्नच. चांदीवर हवेतल्या वायूंची क्रिया होऊन आकृती पिवळसर पडत विटत जाते. विटलेल्या फोटोत मात्र बरंच काही शिल्लक असतं. रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळा चॅनेल पाहिला, की पुसट झालेले नाकडोळे पुष्कळदा वर येतात. जे आहे तेच इथे दिसायला लागतं. घडीची भेग गालावरून गेली असेल आणि दोन्ही कडा शाबूत असतील, तर ती सांधणं हे अनुमान झालं. त्याला आधार आहे. थरच निघून गेला असेल तिथे उजळायला काही नाही आणि अनुमानाला हेतू, म्हणजे आधाराची खूण, हीही नाही. अशा जागी संगणक काय भरतो? २०२१ साली आलेला जीएफपीगॅन हा चेहरे दुरुस्त करणारा प्रोग्राम फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर तयार झाला आहे. पणजीच्या रिकाम्या जागेत तो या परक्या चेहऱ्यांवरून शिकलेलं काहीतरी बसवतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या पल्स या प्रोग्रामला बराक ओबामांचा अगदी मोजक्या पिक्सेलांचा फोटो दिला, तेव्हा त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. ओबामांना जग ओळखतं म्हणून ती चूक लगेच पकडली गेली. पणजीच्या बाबतीत पकडणार कोण?

यावर कुणी म्हणेल की फोटो खरा होता तरी कधी? स्टुडिओतला महाल पडद्यावर रंगवलेला असे, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवत, प्रिंटवर हाताने रंग चढवत. हे सगळं खरं आहे आणि ते माझ्याच बाजूला पडतं. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोरथाची जी चित्रं केली, त्यांत श्रीनाथजींसमोर यजमान कुटुंब हात जोडून उभं असतं. कपडे, हात, दागिने कुंचल्याने काढलेले. चेहरे मात्र कित्येकदा फोटोतून कापून चिकटवलेले. त्या चित्रकारांचा जैमिनीशी संबंध आला असेल वा नसेल, रेघ त्यांनी नेमकी तिथेच ओढली. व्रण पुसणाऱ्या कारागिरासमोरही निगेटिव्ह होती, आणि गिऱ्हाईक हयात होतं. ती हौस त्याच्या संमतीची होती.

दुसरा आक्षेप अधिक भारी, कारण तो श्रद्धेच्या बाजूने येतो. रामाचा चेहरा कुणी पाहिला होता? तरी मूर्तीपुढे आपण हात जोडतोच. भाव असला की पुरे. शिवाय रिकाम्या जागा भरायची मुभा परंपरेनेच दिली आहे: गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं. पण काश्यप म्हणणाऱ्याला आपण असं का म्हणतो हे ठाऊक असतं, सांगणाऱ्या गुरुजींनाही ठाऊक असतं. ती भरणी उघड आहे. घडवलेला चेहरा नेमकं हेच लपवतो. आणि मूर्ती रामाच्या तोंडावळ्याची साक्ष देतच नाही. ती शिल्पशास्त्रातल्या लक्षणांनी घडते आणि प्राणप्रतिष्ठेने पूज्य होते. फोटोचं सारं वजन साक्षीत आहे: त्या माणसावरून परतलेला प्रकाश कधीतरी त्या फिल्मवर पडला होता. भावापुरतंच बोलायचं तर श्राद्धात चेहरा लागत नाही. पिता, पितामह, प्रपितामह यांचं स्मरण नाव, गोत्र आणि वसु, रुद्र, आदित्य या रूपांनी होतं. चेहऱ्याची ओढ आपली असते, पितरांची नव्हे. ती ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्या आईचा एकच फोटो उरला आहे त्याला तत्त्वज्ञान सांगायला जाणं क्रूरपणाचंच. त्याला घडवलेलं चित्र हवं असेल तर मिळावं. मात्र ते चित्र म्हणून मिळावं.

कारण नसणं हेही एक ज्ञान आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं: जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला खरोखर कळतं. फोटोतला पांढरा डाग असंच काही सांगतो, की इथे एक बाई होती आणि तिचा चेहरा आपल्याला राखता आला नाही. डागावर हसरा, गुळगुळीत चेहरा बसवला की हे ज्ञान पुसलं जातं, आणि पुढची पिढी कधी कुणी न अनुभवलेल्या गोष्टीचा संस्कार घेऊन वाढते. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेतले जीर्णोद्धारक भित्तिचित्रातली गळलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की भरणी ओळखू येते. आपल्या दुकानदारांनाही एवढं सहज जमेल. तेव्हा दुरुस्तीला फोटो देताना मूळ स्कॅन जसाच्या तसा मागून घ्या, घडवलेल्या भागाची नोंद नव्या प्रतीच्या मागे लिहून ठेवा, आणि काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका. काचेसकट स्कॅन करा.