एका आकड्याचा अधिकार

मराठवाड्यातल्या कंधारच्या काळ्या रानातलं ढेकूळ फोडून पाहिलं तर त्यात चिकणमातीचे कण असतात, कणांमध्ये हवा असते आणि पाऊस झाला असेल तर पाणी. विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे सांगणारा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हवेचा 1, कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5, पाण्याचा 80 च्या आसपास. उपग्रहावरच्या रडारच्या लहरीची लांबी सेंटिमीटरांत मोजायची, त्यामुळे तिला हे कण वेगळे दिसत नाहीत. तिच्या लेखी ती माती म्हणजे एकच पदार्थ, एकच आकडा. त्याच आकड्यावरून जमिनीची ओल काढतात. पण तीन पदार्थांच्या मिश्रणाला एकच आकडा द्यायचा अधिकार कुठून आला?

मोसोटी (1850) आणि क्लाउसियस (1879) यांनी रेणूंच्या वागणुकीवरून अख्ख्या पदार्थाचा स्थिरांक काढण्याची वाट दाखवली. 1904 मध्ये मॅक्सवेल गार्नेट यांनी सोन्याचे सूक्ष्म कण असलेल्या काचेचा रंग समजावून सांगितला. त्यांच्या सूत्रात काच यजमान होती आणि सोनं पाहुणं. 1935 मध्ये ब्रुगेमान यांनी हा भेदच काढून टाकला: दोन्ही घटक सारखेच, आणि दोघंही त्या अजून न सापडलेल्या सरासरी माध्यमातच बसलेले. जे शोधायचं तेच गृहीत धरून त्याला स्वतःशी जुळवून घ्यायचं. या साऱ्या इतिहासातलं मला हे सर्वांत धाडसी पाऊल वाटतं.

या पावलाचा माग मराठवाड्यातही आहे. 1994 मध्ये पुराणिक, कुंभारखाणे आणि मेहरोत्रा यांनी द्रवांच्या मिश्रणांसाठी ब्रुगेमान यांच्या सूत्राची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली. कुंभारखाणे यांनी पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हेच काम चालू ठेवलं. यातली मोजणी पाहण्यासारखी असते. कोॲक्सियल केबलमधून अतिशय वेगाने चढणारा विद्युत स्पंद सोडतात. टोकाच्या छोट्या सेलमध्ये द्रव नसताना आणि असताना परतलेला स्पंद नोंदवतात, आणि त्या दोहोंतल्या फरकातून स्थिरांक काढतात. पाणी आणि अल्कोहोल मिसळलं की उत्तर साध्या सरासरीवर बसत नाही. ते जितकं ढळतं, तितकं रेणू एकमेकांना कसे धरतात ते कळतं. सूत्र चुकतं तिथेच माहिती हाती लागते.

एका आकड्याचा हाच प्रश्न मेटामटेरियलमध्येही येतो; तिथे मिश्रण निसर्गाकडून येत नाही, माणूस ते आखून घडवतो. जगदीशचंद्र बोस यांनी 1898 मध्येच पिळलेल्या तागाच्या जुड्यांनी विद्युत लहरींचं ध्रुवण फिरवून दाखवलं होतं. 1967 मध्ये व्हेसेलागो यांनी विचारलं, विद्युत आणि चुंबकीय दोन्ही स्थिरांक ऋण असले तर काय होईल? पेंड्री यांनी 1996 मध्ये बारीक तारांची आणि 1999 मध्ये चिरलेल्या कड्यांची रचना सुचवली. 2000 मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र आणून प्रत्यक्ष नमुना केला.

पण अशा रचनेचे स्थिरांक मोजायचे कसे? 2002 मध्ये स्मिथ, शुल्ट्झ, मार्कोस आणि सौकोलिस यांनी निकोल्सन, रॉस आणि वेयर यांची 1970 ते 74 मधली जुनी रीत या कामी लावली. नमुन्याच्या पट्टीवर लहर सोडायची. किती परत आली, किती पार गेली, आणि तिची कला (फेज) किती सरकली ते नोंदवायचं. त्यातून अपवर्तनांक आणि प्रतिबाधा निघतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे चुंबकीय स्थिरांक, भागाकार म्हणजे विद्युत. अडचण अशी की पट्टीतून लहर पुरी एक फेरी फिरून गेली की दोन, हे कलेवरून कळत नाही, म्हणून नमुना पातळ घ्यावा लागतो. अपवर्तनांकाच्या आणि प्रतिबाधेच्या चिन्हाचा निवाडा ऊर्जेवरून होतो, कारण निष्क्रिय पदार्थ स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही.

तरीही अनुनादाजवळ निघालेल्या एका स्थिरांकाचा काल्पनिक भाग उलट्या चिन्हाचा येऊ लागला, जणू पदार्थ ऊर्जा निर्माण करत होता. प्रत्यक्षात तसं नव्हतं. चूक आकड्याच्या अर्थात होती. द्रवातला रेणू लहरीपेक्षा कोट्यवधी पटींनी लहान असतो. 10 गिगाहर्ट्झला मात्र लहर 3 सेंटिमीटरची आणि रचनेचं एकेक घर काही मिलिमीटरांचं. लहरीला घरं अंशतः जाणवतात, आणि मग तो आकडा माध्यमाचा राहत नाही, त्या विशिष्ट पट्टीचा होतो.

रीत कोणत्याही पट्टीसाठी उत्तर देते, म्हणूनच तिच्यावर आंधळा भरवसा नको. एका थराचा, दोन थरांचा आणि तीन थरांचा नमुना मोजून आकडा तोच राहिला, तरच त्याला पदार्थाचा गुणधर्म म्हणावं. संशोधकांनी स्थिरांक छापताना तो किती थरांवर पडताळला तेही शेजारी छापावं, आणि वाचणाऱ्यांनी ते मागावं.