आप्तवाक्य आणि रोलर कोस्टर

रोलर कोस्टरवर बसणारा माणूस पैसे देऊन भीती घेतो, मात्र त्या भीतीमागे खरा धोका नाही अशी त्याची खात्री असावी लागते. आणि ती खात्री त्याला कोठून मिळते, हा प्रश्न ज्ञानाची साधने तपासणाऱ्या प्रमाणशास्त्राचा आहे. रुळांचे सांधे त्याने पाहिलेले नसतात, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण येथे संभवत नाही. अपघात विरळ असतात यावरून आजच्या फेरीविषयी फार तर शक्यता कळते. उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या सांगण्यातून होणारे ज्ञान. अशा व्यक्तीने, म्हणजे 'आप्ता'ने, वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जाणली तशी सांगण्याची तिला इच्छा असावी, असे वात्स्यायन न्यायसूत्रांवरील भाष्यात म्हणतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना तो सारखेच लावतो, तेव्हा उद्यानाच्या तंत्रज्ञालाही ते लागू करण्यास हरकत नसावी.

इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स उद्यानात २ जून २०१५ रोजी 'द स्मायलर' या रोलर कोस्टरवरील १६ प्रवाशांची गाडी मार्गात अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली आणि दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. भरलेली गाडी नियंत्रणप्रणालीने आधीच थांबवली होती. परंतु पुढे रिकामी गाडी उभी आहे हे ठाऊक नसलेल्या तंत्रज्ञांनी तो थांबा चुकीचा समजून गाडी सोडली. म्हणजे आप्ताचे दुसरे लक्षण, प्रामाणिकपणा, शाबूत असतानाही पहिले ढळले होते, आणि न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ५० लाख पौंडांचा दंड केला तो तंत्रज्ञांना नव्हे, तर कामाची नीट पद्धत न घालून देणाऱ्या कंपनीला.

अपघातानंतर पर्यटक इतके घटले की उद्यानाने त्याच वर्षी सुमारे १९० नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. जे गेले नाहीत त्यांनीही रूळ तपासले नव्हते. एका सांगण्यावरचा विश्वास त्यांनी बातम्यांच्या सांगण्यावर नेऊन ठेवला, एवढेच, आणि तो बदल अविवेकी म्हणता येत नाही. अविवेक असलाच तर तो कंपनी आपल्याला फसवते का एवढेच विचारण्यात आहे, कारण स्मायलरच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येऊनही गाडी आदळलीच असती. कंपनीला स्वतःला कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न अधिक कठीण असून तो तिकीटखिडकीवर सहसा कोणी विचारत नाही. मार्च २०१६ मध्ये स्मायलर पुन्हा सुरू झाला, आणि त्यावर बसणाऱ्यांच्या हाती पूर्वीप्रमाणेच केवळ शब्द होता.