गढूळ कुणासाठी?

श्रावणातल्या एका दुपारी सानगडीच्या तलावाच्या पाळीवर बसलो होतो. बांध्यांतून वाहून आलेल्या मातीनं पाण्याला चहाचा रंग चढला होता. मनगट बुडवलं की बोटं दिसेनाशी होत. डोंग्यातला म्हातारा ढिवर लांब बांबूनं तळ चाचपत होता, कारण त्याचं जाळं कुठल्याशा बुंध्याला अडकलं होतं. "दिसत नाही जी, पण हाताले समजते," तो म्हणाला. ते ऐकून मला 1826 सालचा कोलाडॉन हा शास्त्रज्ञ आठवला: जिनिव्हाच्या सरोवरात बुडवलेल्या लांब कर्ण्याला कान लावून, दूर पाण्याखाली वाजलेल्या घंटेची वाट पाहणारा. डोळा थकतो तिथून माणसाची जिज्ञासा दुसऱ्या इंद्रियाचं दार ठोठावते.

आणि आठवलं महाड. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला, त्यासोबत दोन एसटी बसगाड्याही. त्या शोधायला पुढे क्रेनला 300 किलोंचं चुंबक बांधून नदीत सोडावं लागलं. एवढी अजस्र वस्तू, आणि पाणी तिच्याविषयी मौन धरून.

गढूळ पाण्यात डोळा हरतो तो असा: प्रकाशाची लहर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची, म्हणून चिकणमातीचा कणही तिला डोंगरासारखा आडवा येतो. पाण्याखाली ध्वनीनं शोध घेणाऱ्या सोनार यंत्राची, सेकंदाला एक लाख कंपनं करणारी लहर मात्र पाण्यात दीड सेंटिमीटर लांब, ती त्या कणाला सहज ओलांडून जाते. सहज म्हणणंही तसं खरं नाही. ध्वनीनं पाणी थरथरतं, जड कण त्या थरथरीत मागे रेंगाळतो, आणि त्या घर्षणात नादाची थोडी ऊब होऊन विरते. कंपनं वाढवली तर प्रतिमा रेखीव होते, पण हे विरणंही वाढतं. बारीक प्रश्नाला उत्तर हवं तर जवळच जावं लागतं.

मग हिवाळ्यात गाळ बसून तलाव नितळ झाला, तर सगळं उलगडेल? तसंही नाही. तळाच्या चिखलात कुजणाऱ्या पानवेलींतून वायूचे बुडबुडे साठतात, आणि ध्वनीला मातीपेक्षा हेच भारी पडतात. डोळ्याला आरस्पानी वाटणाऱ्या त्या तळाशी कान आंधळा होतो. गढूळपणा हा पाण्याचा गुण आहे की विचारणाऱ्याचा, हे मला तेव्हापासून नीट सांगता येत नाही.

म्हाताऱ्यानं बांबू आणखी खोल रेटला. भोवती बुडबुड्यांची एक माळ फुटत वर आली, कुजका वास पाळीपर्यंत पोचला. तो क्षणभर थांबला, मान कलती करून तळहाताकडे जणू कान देत, आणि बांबू वीतभर डावीकडे सरकवला.