शाळेचा जाब: एका कल्पनेचा प्रवास

महाराष्ट्रातील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत शाळा कुणाच्या पैशावर चालते हा प्रश्न फार लवकर उपस्थित झाला. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टातून जमा होतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे दाखवून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सेवा पुरवणाऱ्या यंत्रणेने केवळ वरिष्ठांना नव्हे, तर थेट नागरिकांना आपल्या कामाचा हिशेब देणे, याला आज सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. ही संज्ञा तेव्हा नव्हती, पण कर भरणाऱ्या रयतेचा शिक्षणखर्चावर हक्क आहे हा त्या निवेदनाचा गाभा तिच्या फार जवळचा आहे.

पुढील काळात मात्र जबाबदारीची दिशा उलटी झाली. बडोदा संस्थानात १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती, म्हणजे उत्तर द्यायचे ते पालकाने आणि विचारायचे ते दरबाराने. शाळेची परंपराच नाकारली गेलेल्या समाजात हे अपरिहार्य होते आणि त्यामागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही पालक म्हणजे समज द्यावयाचा माणूस, ही प्रशासनाची धारणा त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. मुंबई इलाख्यातील १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आला आणि १९६२ पासून ग्रामीण भागात तो जिल्हा परिषदांकडे गेला, परंतु या रचनेत लोकांचे नियंत्रण निवडून दिलेल्या सदस्यांमार्फतच चालणार होते. जागतिक बँकेच्या २००४ च्या विकास अहवालाने अशा नियंत्रणाला उत्तरदायित्वाचा लांबचा मार्ग म्हटले, कारण मतदार प्रतिनिधीला, प्रतिनिधी प्रशासनाला आणि प्रशासन शिक्षकाला विचारते. पालकाने शिक्षकालाच विचारावे, हा जवळचा मार्ग.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर गावोगावी ग्राम शिक्षण समित्या आल्या, आणि बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य करून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष, ही कामे तिच्याकडे सोपवली गेली. या कायद्यापूर्वी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात ग्राम शिक्षण समित्यांचा अभ्यास झाला होता, आणि त्याचे निष्कर्ष जवळच्या मार्गाच्या समर्थकांना विचार करायला लावणारे आहेत: बहुसंख्य पालकांना समिती अस्तित्वात असल्याचेच ठाऊक नव्हते, सभा घेऊन माहिती दिल्यावरही सरकारी शाळांच्या कारभारात फरक पडला नाही, मात्र गावातील तरुण स्वयंसेवकांनी चालवलेल्या वाचनवर्गांत आलेल्या मुलांचे वाचन सुधारले. थोडक्यात, लोक मुलांसाठी राबायला तयार होते, पण यंत्रणेला हलवण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते, आणि माहिती हे ते साधन नव्हे.

महाराष्ट्रातही सहभाग हा शब्द बहुधा लोकवर्गणीच्या अर्थाने रूढ झाला आहे. शाळेची रंगरंगोटी, संगणक किंवा दूरचित्रवाणी संच यांसाठी गावाने पैसे जमवले की शाळेचे कौतुक होते, मात्र रिकाम्या पदावर शिक्षक केव्हा येणार याचे उत्तर समितीला देण्यास कुणी बांधील नसते. शिक्षकांच्या जिल्हा परिषदेअंतर्गत बदल्या आता राज्यस्तरीय संगणकीय प्रणालीने होतात. वशिलेबाजीला आळा घालण्यासाठी हे योग्यच, परंतु निर्णय गावापासून आणखी दूर गेला. २००९ च्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार तक्रार करायची ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात बहुधा शाळा चालवणाऱ्याच संस्थेकडे. त्यातच, ज्यांच्या शब्दाला वजन असते असे पालक मुलांना खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीत उरतात ते प्रामुख्याने मजुरीवर जगणारे पालक, ज्यांना बैठकीसाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते.

बीडसारख्या जिल्ह्यात हा पेच सर्वांत तीव्र होतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसराकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. त्यांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात, आणि त्यांची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवली जाते. त्या मुलांच्या जेवणाचा आणि उपस्थितीचा हिशेब ज्या पालकांनी तपासायचा, ते त्या काळात फडावर असतात.